मुली भौतिकशास्त्र का सोडतात : इंग्लंडमधल्या शाळांचं एक प्रकरण

२०११ साली इंग्लंडमधल्या सरकारी खर्चाने चालणाऱ्या सहशिक्षणाच्या शाळांपैकी ४९ टक्के शाळांतून एकही मुलगी पुढे ए-लेव्हलला, म्हणजे सोळाव्या वर्षानंतरच्या दोन वर्षांच्या शिक्षणात, भौतिकशास्त्र घ्यायला गेली नाही. अक्षरशः एकही नाही. ‘इन्स्टिट्यूट ऑफ फिजिक्स’ या भौतिकशास्त्राच्या व्यावसायिक संस्थेने सरकारी विद्यार्थी-नोंदी तपासून २०१२ मध्ये हा आकडा मांडला. त्याच अहवालात आणखी एक गोष्ट होती. ए-लेव्हलला मुलग्यांच्या पसंतीत भौतिकशास्त्र चौथ्या क्रमांकावर होतं आणि मुलींच्या पसंतीत एकोणिसाव्या.

मुलींच्या विज्ञानशिक्षणाबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा उघड अडथळ्यांबद्दल बोलतो. शाळा लांब आहे, प्रयोगशाळा नाही, घरून परवानगी नाही, फीला पैसे नाहीत. ते बोलायलाच हवं. पण इंग्लंडमध्ये शाळा मोफत आहे, प्रयोगशाळा आहे, कायदा मुलींच्या बाजूचा आहे, आणि तरी निम्म्या शाळांत हा रकाना शून्यावर थांबला. उघड अडथळे निघून गेल्यावरही जे उरतं, ते इथे स्वच्छ दिसतं. माध्यमिक शाळेत मुली आणि विज्ञान यांचं नातं समजून घ्यायचं तर हे प्रकरण नीट वाचावं असं मला वाटतं, ते यासाठीच.

आधी तिथली व्यवस्था. सोळाव्या वर्षापर्यंत विज्ञान सगळ्यांना सक्तीचं. सोळाव्या वर्षी जीसीएसई परीक्षा होते आणि मग ए-लेव्हलच्या दोन वर्षांसाठी विद्यार्थी साधारण तीन विषय निवडतात. बाकीचे सगळे विषय एका उन्हाळ्यात सुटतात. अभियांत्रिकीच्या किंवा भौतिकशास्त्राच्या पदवीसाठी बहुतेक विद्यापीठांना ए-लेव्हलचं भौतिकशास्त्र लागतं. म्हणजे इंजिनिअर नेमकं काय काम करतो हे ज्या वयात धड माहीत नसतं, त्या वयात ती वाट बंद होते आणि नंतर ती उघडणं फार अवघड जातं.

आता मुलींची कामगिरी पाहू. जीसीएसईपर्यंत मुलगे आणि मुली जवळपास सारख्याच संख्येने भौतिकशास्त्र शिकतात आणि मुलींचे निकाल मुलग्यांच्या तोडीचे असतात. म्हणजे नापास होऊन मुली बाहेर पडतात असं मुळीच नाही. त्यांना विज्ञानच नको असतं असंही नाही. २०१९ मध्ये जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र या तिन्ही विषयांना ए-लेव्हलला बसलेल्यांची संख्या एकत्र मोजली, तेव्हा मुलींचं प्रमाण पहिल्यांदाच निम्म्याच्या वर, ५०.३ टक्क्यांवर गेलं. जीवशास्त्रात मुली साठ टक्क्यांहून जास्त, रसायनशास्त्रात निम्म्याहून थोड्या अधिक. त्याच वर्षी भौतिकशास्त्रात मात्र सुमारे २३ टक्के. गणिताचं भय हे कारण सांगितलं जातं, पण ए-लेव्हलच्या गणितात मुली चाळीस टक्क्यांच्या आसपास असतात. ज्या गणिताला भीत नाहीत अशा कितीतरी मुली भौतिकशास्त्राच्या दारावरून पुढे निघून जातात. प्रश्न या एका विषयाशी येऊन अडतो, आणि म्हणूनच त्याचा माग काढणं शक्य होतं.

चाळीस वर्षांपूर्वीचा पहिला मोठा प्रयत्न

हा प्रश्न काल-परवाचा नाही. १९७९ ते १९८३ या काळात मँचेस्टर परिसरातल्या दहा माध्यमिक शाळांमध्ये ॲलिसन केली, बार्बरा स्मेल आणि ज्युडिथ व्हाइट यांनी एक प्रकल्प केला. आठ शाळांत प्रत्यक्ष काम आणि दोन शाळा तुलनेसाठी. अकराव्या वर्षी शाळेत आलेल्या मुलांच्या मागे त्या विषय निवडण्याच्या वयापर्यंत राहिल्या. विज्ञान आणि तंत्रज्ञानात काम करणाऱ्या स्त्रियांना वर्गात बोलावलं, शिक्षकांच्या कार्यशाळा घेतल्या, धड्यांमधली उदाहरणं बदलून पाहिली.

‘हे बायकांचं काम, ते पुरुषांचं’ ही मुलांच्या मनातली विभागणी त्यामुळे काहीशी सैल झाली. विषय निवडायची वेळ आली तेव्हा मात्र आकडे फारसे हलले नाहीत. मला या प्रकल्पाबद्दल मनापासून आदर आहे, कारण त्यांनी हे न लपवता लिहिलं. शिवाय पुढच्या चाळीस वर्षांत जे पुन्हा पुन्हा दिसत राहिलं, ते इथेच एकदा दिसून गेलं होतं: मुलींच्या मनातलं मत बदलणं आणि त्यांचा निर्णय बदलणं यात मोठं अंतर आहे.

त्या काळी चौदाव्या वर्षीच भौतिकशास्त्र सोडता येत असे आणि पुष्कळ मुली विज्ञान म्हणून फक्त जीवशास्त्र ठेवत. १९८८ च्या शिक्षण सुधारणा कायद्याने राष्ट्रीय अभ्यासक्रम आला आणि सोळाव्या वर्षापर्यंत विज्ञान सगळ्यांना सक्तीचं झालं. आता मुली दोन वर्षं जास्त भौतिकशास्त्र शिकतील, म्हणजे पुढेही घेतील, ही अपेक्षा रास्त होती. दोन वर्षं त्या जास्त शिकल्या आणि चांगल्या गुणांनी उत्तीर्णही होऊ लागल्या. ए-लेव्हलच्या वर्गातलं त्यांचं प्रमाण मात्र पुढची अनेक वर्षं एक-पंचमांशाच्या जवळपासच राहिलं. सक्तीने गळतीची जागा चौदाव्या वर्षावरून सोळाव्या वर्षावर सरकली, एवढंच.

१९८४ हे वर्ष तिथे स्त्रियांनी विज्ञान-अभियांत्रिकीकडे वळावं म्हणून साजरं झालं. भित्तिपत्रकं, व्याख्यानं, फिरत्या बसगाड्या या मार्गांनी त्यानंतरही बरंच काही झालं. त्या सगळ्या मागे एक समज होती: मुलींना माहिती कमी आहे किंवा धीर कमी आहे, तो दिला की काम होईल. २०१२ मध्ये युरोपीय आयोगाने मुलींना विज्ञानाकडे ओढण्यासाठी एक जाहिरातफीत काढली. तिच्यात लिपस्टिक, उंच टाचा आणि गुलाबी रंग होता. टीका इतकी झाली की ती लगेच मागे घ्यावी लागली. त्या जाहिरातीवर हसणं सोपं आहे. पण तिच्या मुळाशी असलेली समज तेव्हा सगळीकडेच होती आणि अजूनही आहे.

प्रयोगाच्या टेबलापाशी

या प्रकरणातला सगळ्यात बोलका भाग वर्गातला आहे, म्हणून तिथे जरा थांबतो.

मँचेस्टरच्या प्रकल्पात ज्युडिथ व्हाइट यांनी प्रयोगशाळेत बसून निरीक्षणं केली होती. साहित्य वाटपाची वेळ झाली की मुलगे पुढे होत आणि चांगलं साहित्य उचलत. मुली मागे थांबत आणि उरेल ते घेत. कुणी भांडत नसे, कुणी कुणाला ढकलत नसे. शिक्षकाला तर त्यात काही वावगं दिसतच नसे, कारण तास वेळेवर सुरू झालेला असे.

विद्युत मंडलाचा साधा प्रयोग डोळ्यांसमोर आणा. बॅटरी, दोन बल्ब, ॲमीटर, तारा. चौघांचा गट. एक जण तारा जोडतो, एक जण ॲमीटरकडे बघून आकडा वाचतो, एक जण वहीत तक्ता भरतो आणि एक जण बघतो. तक्ता भरणारी बहुधा मुलगी असते, कारण तिचं अक्षर चांगलं असतं आणि ती तो वेळेत पूर्ण करते. तासाच्या शेवटी चौघांकडे तोच तक्ता असतो आणि चौघांना तेच गुण मिळतात. पण बल्ब लागला नाही तेव्हा तार काढून पुन्हा लावण्याचा, ॲमीटरचा काटा उलट गेला म्हणून टोकं बदलण्याचा, ‘अरे, बॅटरीच उलटी होती’ हे स्वतः शोधण्याचा अनुभव एकाच्याच वाट्याला येतो. वर्षभरात असे कितीतरी तास होतात. सोळाव्या वर्षी ‘तुला हे जमतं का?’ असं विचारलं तर त्या मुलाकडे सांगायला हाताचा अनुभव असतो आणि मुलीकडे नीटनेटकी वही.

तिची प्रगतिपुस्तकातली श्रेणी त्याच्याइतकीच किंवा जास्तच असते, आणि तरी ‘मला जमतं’ हे तिला ठामपणे म्हणता येत नाही. पॅट्रिशिया मर्फी आणि एलिझाबेथ व्हाइटलेग या ओपन युनिव्हर्सिटीच्या अभ्यासकांनी २००६ मध्ये तोवरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला. त्यात हेच ठळकपणे येतं. भौतिकशास्त्रातल्या स्वतःच्या क्षमतेबद्दलचा मुलींचा विश्वास माध्यमिक शाळेच्या वर्षांत घसरत जातो आणि तो गुणांच्या घसरणीमुळे घसरत नाही. शिक्षकांना गुण दिसतात, विश्वास दिसत नाही. त्यामुळे सगळं सुरळीत चाललंय असं वाटत राहतं.

प्रश्नोत्तरांचंही तसंच. शिक्षक प्रश्न विचारतात, पहिला हात वर येतो, त्याला उत्तर द्यायला सांगतात, तास पुढे सरकतो. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात मोजून दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम सेकंदभर थांबतात. तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांबतात, जास्त मुलं बोलू लागतात आणि सहसा गप्प बसणारीही बोलतात. दोन सेकंदांचा हा फरक आहे. खात्री झाल्याशिवाय हात वर न करणारी मुलगी या दोन सेकंदांतच वर्गात येते किंवा बाहेर राहते.

उदाहरणांबद्दल एक सावधगिरी सांगावीशी वाटते. मर्फी आणि व्हाइटलेग यांच्या आढाव्यानुसार, एखादी संकल्पना माणसांच्या आयुष्याशी कशी जोडलेली आहे हे मुलींना आधी समजून घ्यायचं असतं. रक्तदाब मोजताना दाब म्हणजे काय, क्ष-किरण हाडातून आणि मांसातून वेगवेगळे का जातात, इथून सुरुवात झाली तर विषय जवळचा होतो. काही शाळांनी याचा अर्थ असा घेतला की गाड्या आणि फुटबॉलच्या जागी सौंदर्यप्रसाधनं आणली की झालं. मुलींना ते लगेच कळतं आणि अपमान वाटतो. रक्तदाबाचं उदाहरण चांगलं आहे ते त्यात खरं भौतिकशास्त्र आहे म्हणून, आणि ते वर्गातल्या मुलग्यांनाही तितकंच उपयोगी पडतं.

‘हुशारांचा विषय’

लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये २००९ साली लुईझ आर्चर यांच्या नेतृत्वाखाली एक दीर्घ अभ्यास सुरू झाला आणि पुढे तो युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये चालू राहिला. दहाव्या वर्षापासून मुलांना पुन्हा पुन्हा भेटून, त्यांच्या पालकांशी बोलून, विज्ञानाबद्दल त्यांना काय वाटतं ते यात नोंदवलं गेलं. बहुसंख्य मुलांना विज्ञान आवडत होतं. शास्त्रज्ञ व्हावंसं वाटणारी मात्र दहा ते चौदा वयोगटात साधारण १५ टक्केच होती. ‘छान आहे, पण माझ्यासाठी नाही’ हा सूर सगळीकडे होता आणि भौतिकशास्त्राबाबत मुलींमध्ये तो सगळ्यात घट्ट होता.

याचं कारण त्या अभ्यासात फार नेमकेपणाने येतं. भौतिकशास्त्र म्हणजे उपजत बुद्धीचा विषय, ज्यांना मेहनत न करताच कळतं त्यांचा विषय, अशी त्याची ख्याती आहे. आणि अशी ‘सहज’ हुशारी मुलग्यांच्या नावावर जमा होते, तर मुलीला चांगले गुण मिळाले की ‘कष्टाळू आहे’ म्हणतात. वर्गात हे वाक्य कौतुकानेच म्हटलं जातं. पण भौतिकशास्त्राला कष्ट नव्हे तर बुद्धी लागते असं ज्या शाळेत सगळे मानतात, तिथे ‘कष्टाळू’ म्हणवून घेणाऱ्या मुलीने त्या कौतुकातून काय समजायचं?

शाळासुद्धा या ख्यातीत भर घालतात. अनेक ठिकाणी ए-लेव्हलच्या भौतिकशास्त्राला प्रवेश देताना इतर विषयांपेक्षा वरची श्रेणी मागतात. इतिहासाचे किंवा इंग्रजीचे शिक्षक हसत हसत म्हणून जातात, ‘फिजिक्स? बाप रे, धाडसी आहेस! मला तर कधीच कळलं नाही.’ सोळा वर्षांच्या मुलीच्या कानावर अशा थाटाची वाक्यं किती बाजूंनी पडत असतील याची मोजदाद कोण ठेवतं! आर्चर यांच्या गटाला भौतिकशास्त्र घेऊन पुढे जाणाऱ्या ज्या मुली भेटल्या, त्या बहुतांशी अपवादात्मक होत्या. गुण अतिशय उत्तम, घरात विज्ञानाशी संबंध असलेलं कुणीतरी, वर्गात वेगळं दिसायची तयारी. मुलग्यांमध्ये मात्र बेताच्या गुणांचे आणि फारसा गाजावाजा न करता आलेलेही बरेच असतात. मला इथे सगळ्यात मोठा अन्याय दिसतो. मध्यम दर्जाच्या मुलग्याला जी जागा सहज मिळते, ती मुलीला मिळवायला असामान्य असावं लागतं.

त्यात भर म्हणजे सांगणारं माणूस. तामजीद मुज्तबा आणि मायकेल राइस यांच्या अभ्यासात दिसलं की ‘तू हा विषय पुढे घे’ असं कुणीतरी जवळच्या मोठ्या माणसाने, विशेषतः शिक्षकाने, नावानिशी सांगणं निर्णायक ठरतं. आणि असं आपल्याला कुणी सांगितलं, हे म्हणणाऱ्या मुली मुलग्यांपेक्षा कमी होत्या. एखादा शिक्षक म्हणेल, मी तर सगळ्या वर्गाला सांगतो. वर्गाला सांगितलेलं ज्याला आधीच खात्री आहे त्याला ऐकू येतं. जिला खात्री नाही, तिला बाजूला घेऊन ‘तुझ्याबद्दल बोलतोय’ असं सांगावं लागतं.

मुलींच्या शाळांचा पुरावा आणि त्याची मर्यादा

२०१२ च्या अहवालातला आणखी एक आकडा वादाचा ठरण्यासारखा आहे. फक्त मुलींच्या सरकारी शाळांतून आलेल्या मुली सहशिक्षणाच्या शाळांतल्या मुलींपेक्षा जवळपास अडीच पट प्रमाणात भौतिकशास्त्र निवडत होत्या. इतर विज्ञान विषयांत असा परिणाम दिसला नाही.

यावरून ‘मग मुलींच्या शाळा वेगळ्या काढा’ असा निष्कर्ष काढायची घाई होते. तसा निष्कर्ष या आकड्यातून निघत नाही. मुलींच्या शाळांत प्रवेश कुणाला मिळतो, पालक कोणते, शाळा निवड-परीक्षा घेते का, हे सगळं त्यात मिसळलेलं आहे. पण दुसरी एक गोष्ट त्यातून नक्की निघते. मुलींच्या शाळेत प्रयोगाचं साहित्य मुलींनाच उचलावं लागतं, पहिला हात मुलीचाच वर येतो, वर्गातला सगळ्यात हुशार आणि सगळ्यात सुमार विद्यार्थी दोन्ही मुलीच असतात. म्हणजे आजूबाजूची रचना बदलली की त्याच वयाच्या, त्याच देशातल्या मुलींची निवड बदलते. त्यांची आवड जन्मजात ठरलेली असती तर शाळेच्या फाटकावरच्या पाटीने ती इतकी बदलली नसती.

इन्स्टिट्यूट ऑफ फिजिक्सने पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, तपासाचा आवाका वाढवला, आणि माझ्या मते या सगळ्या मालिकेतलं ते सगळ्यात शहाणपणाचं पाऊल होतं. नुसतं भौतिकशास्त्र न बघता त्यांनी सहा विषय घेतले: मुलगे जास्त असणारे भौतिकशास्त्र, गणित आणि अर्थशास्त्र, आणि मुली जास्त असणारे इंग्रजी, जीवशास्त्र आणि मानसशास्त्र. एखाद्या शाळेत मुली भौतिकशास्त्रापासून आणि मुलगे इंग्रजीपासून दूर राहतात का, हे एकत्र पाहिलं. ४९ टक्के सहशिक्षण शाळांत हा असमतोल आणखी वाढत होता आणि फक्त १९ टक्के शाळा तो कमी करत होत्या. प्रश्न भौतिकशास्त्राच्या खोलीपुरता नसून शाळेच्या एकूण वागणुकीचा आहे, हे त्यामुळे पुढे आलं. कविता आवडणाऱ्या मुलग्याला जी शाळा चिडवू देते, त्याच शाळेत मुलगी सर्किट जोडायला पुढे येत नाही.

सहा शाळांत काय झालं

२०१४ ते २०१६ या काळात संस्थेने प्रत्यक्ष काही करून पाहिलं. तीन प्रकारची कामं ठरली. पहिलं, मुलींचा आत्मविश्वास आणि चिकाटी वाढवणं. दुसरं, भौतिकशास्त्राच्या शिक्षकांबरोबर वर्गातली पद्धत बदलणं. तिसरं, संपूर्ण शाळेच्या वातावरणावर काम करणं. काही शाळांत यातलं एकेकच काम झालं. एका गटात मात्र, सहा शाळांमध्ये, तिन्ही एकत्र केली गेली. त्या प्रायोगिक कामाला ड्रेसन फाउंडेशनने पैसे दिले होते.

एकेकट्या कामाचा विषय निवडीवर फार परिणाम दिसला नाही. सहा शाळांच्या गटात मात्र ए-लेव्हलच्या पहिल्या वर्षाची, म्हणजे एएसची, भौतिकशास्त्राची निवड करणाऱ्या मुली २०१४ मध्ये १६ होत्या, त्या २०१६ मध्ये ५२ झाल्या.

आकडा लहान आहे, शाळा मोजक्या आहेत आणि त्या स्वतःहून सामील झालेल्या होत्या, हे धरूनच तो वाचायला हवा. तरीही मँचेस्टरच्या प्रकल्पाशेजारी ठेवून पाहिला तर तो बरंच सांगतो. मुलींशी बोलणं, शिक्षकांशी बोलणं, पाहुण्या बोलावणं हे तेव्हाही झालं होतं. या वेळी त्याच्या जोडीला शाळेने स्वतःकडे बघितलं.

शाळेने स्वतःकडे बघणं म्हणजे काय, हे संस्थेच्या २०१५ च्या चांगल्या कामाच्या नोंदींमधून कळतं. वरिष्ठ व्यवस्थापनातल्या एका व्यक्तीवर ही जबाबदारी नावानिशी टाकायची, नाहीतर ती उत्साही तरुण शिक्षिकेच्या गळ्यात पडते आणि ती शाळा सोडून गेली की काम थांबतं. कोणत्या विषयाला किती मुलगे, किती मुली पुढे गेले याची दरवर्षी आकडेवारी काढायची आणि ती सगळ्या विभागांसमोर ठेवायची. वर्णद्वेषी शेऱ्याला शाळा जशी कारवाई करते, तशीच ‘मुलीसारखा रडू नको’ किंवा ‘हे मुलींना कुठे जमणार’ याला करायची. आणि मला सगळ्यात पटलेला नियम: कोणत्याही शिक्षकाने कोणताही विषय अवघड किंवा सोपा म्हणून विद्यार्थ्यांसमोर मांडायचा नाही, आणि स्वतःला अमुक विषय कधी कळला नाही हे सांगायचं नाही. वरचं ‘बाप रे’ इथे थांबतं. या नियमाला एक पैसा लागत नाही, पण तो पाळायला इतिहासाच्या शिक्षकापासून क्रीडाशिक्षकापर्यंत सगळे लागतात.

करिअर मार्गदर्शनही सोळाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर न ठेवता अकराव्या-बाराव्या वर्षापासून सुरू करावं, असंही त्या नोंदींत आहे. ए-लेव्हलचे विषय निवडण्याच्या महिन्यात येऊन अभियांत्रिकीची चित्रफीत दाखवली तर तोपर्यंत मुलीने मनात उत्तर दिलेलं असतं.

‘त्यांना आवडतच नाही’

२७ एप्रिल २०२२ रोजी ब्रिटिश संसदेच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान समितीसमोर कॅथरीन बिरबलसिंग यांची साक्ष झाली. त्या तेव्हा सामाजिक गतिशीलता आयोगाच्या अध्यक्षा होत्या आणि लंडनमधल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांच्या शाळेत ए-लेव्हलच्या भौतिकशास्त्रात मुली १६ टक्के होत्या, देशाची सरासरी २३ टक्के असताना. मुलींना भौतिकशास्त्र सहसा आवडत नाही, त्यात अवघड गणित बरंच असतं आणि ते त्यांना नको असतं, असं त्यांचं म्हणणं पडलं. त्यावर वैज्ञानिक आणि शिक्षकांमधून तीव्र प्रतिक्रिया आल्या.

त्यांच्या म्हणण्यातला प्रामाणिक भाग मी बाजूला टाकत नाही. एखाद्या मुलीला खरोखरच मानसशास्त्र जास्त आवडत असेल तर तिला भौतिकशास्त्राकडे ढकलण्यात अर्थ नाही. प्रत्येक वर्गात नेमक्या निम्म्या मुली असाव्यात असा हट्टही कुणी धरू नये. पण ‘आवड’ हे कारण म्हणून मांडलं की तपास तिथेच संपतो. आवड कशी घडली हे विचारायला हवं. गणिताचं कारण तर आकडेच खोडून काढतात, कारण ए-लेव्हलच्या गणितात मुली चाळीस टक्क्यांच्या आसपास बसतात आणि चांगल्या गुणांनी उत्तीर्ण होतात. आणि एका शाळेत एकही मुलगी भौतिकशास्त्र घेत नाही, दुसऱ्या शाळेत बऱ्याच जणी घेतात, तेव्हा दोन्हीकडच्या मुलींच्या आवडीत इतका फरक जन्मतः पडला असेल हे कोण मानेल?

मुख्याध्यापकांनी असं बोलण्याचा परिणाम वेगळाच असतो. शाळेच्या प्रमुखाने ‘मुलींना ते आवडत नाही’ असं जाहीर मानलं की खालच्या प्रत्येक शिक्षकाला बघायचं कारण उरत नाही. साहित्य कोण उचलतं, पहिला हात कुणाचा, कुणाला बाजूला घेऊन सांगितलं, हे सगळं मग आपोआप ‘आवड’ या शब्दात गुंडाळलं जातं.

अडलेली जागा

या सगळ्या उपायांचा भार शेवटी शिक्षकावर येतो आणि इंग्लंडमध्ये तोच कमी आहे. २०२२-२३ मध्ये माध्यमिक शाळांसाठी भौतिकशास्त्राचे जितके नवे प्रशिक्षणार्थी शिक्षक हवे होते, त्याच्या जेमतेम १७ टक्के मिळाले. त्यामुळे अनेक शाळांत हा विषय जीवशास्त्राचे किंवा रसायनशास्त्राचे शिक्षक शिकवतात. ते मेहनत घेतात, पण स्वतःच विषयात सावध असतात. पुस्तकाबाहेरचा प्रश्न आला की धडा पुढे न्यायची घाई होते, प्रयोग फसला तर तो का फसला याचा शोध घ्यायला वेळ आणि आत्मविश्वास दोन्ही अपुरे पडतात. याचा फटका वर्गातल्या सगळ्यांनाच बसतो. पण ज्याला विषय आपलाच वाटतो तो मुलगा व्हिडिओ बघून, घरी विचारून निभावून नेतो. जिचा विश्वास आधीच डळमळीत आहे आणि जिला शिक्षकाच्या एका वाक्याची गरज आहे, तिच्यासाठी ते वाक्य म्हणणारं कुणी उरत नाही. आणि ए-लेव्हलला भौतिकशास्त्र घेणाऱ्या मुली कमी, म्हणजे पदवीला कमी, म्हणजे पुढे शाळेत येऊन हा विषय शिकवू शकणाऱ्या स्त्रियाही कमी.

म्हणून आज तिथल्या एखाद्या शाळेने काम सुरू करायचं म्हटलं तर पहिली मागणी मुलींसाठीच्या खास कार्यक्रमाची असू नये असं मला वाटतं. गेल्या पाच वर्षांत सोळाव्या वर्षी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेल्या मुलींपैकी कितीजणींनी भौतिकशास्त्र घेतलं, तितक्याच गुणांच्या मुलग्यांपैकी कितींनी घेतलं, आणि त्या वर्षांत त्यांना शिकवायला कोण होतं, हे तिन्ही रकाने शेजारी शेजारी भरावेत. ज्या वर्षी विषयाचा जाणकार शिक्षक होता त्या वर्षी मुलींचा आकडा हलला का, हे तिथे लगेच दिसेल. मग तो शिक्षक टिकवायचा कसा आणि इतर शिक्षकांना त्याच्या तासाला बसू द्यायचं कसं, याची चर्चा मुख्याध्यापकांच्या खोलीत सुरू करता येईल.